लेव्हेरेंट्सचे मौन आणि विटेचा पुरावा

ज्या कलावंताने आपल्या कलेविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही, त्याच्याविषयी समीक्षकाने कसे लिहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लिहिणाऱ्या कलावंताच्या बाबतीत समीक्षकाला निदान एक आधार असतो. प्रस्तावना, पत्रे, भाषणे, मुलाखती यांतून कलावंत आपल्या निर्मितीचे जे समर्थन करतो ते मान्य करावे की अमान्य करावे, एवढाच मग वाद उरतो. न लिहिणाऱ्या कलावंताच्या बाबतीत मात्र ती जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा समीक्षेला सहसा सोसवत नाही. ती कशाने तरी भरून काढली जाते, आणि पुष्कळदा ती आख्यायिकेने भरली जाते. स्वीडिश वास्तुशिल्पी सिगुर्ड लेव्हेरेंट्स (१८८५-१९७५) याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. त्याच्याविषयीची प्रचलित आख्यायिका त्याच्या वास्तूंवर कितपत प्रकाश टाकते आणि कितपत काळोख पाडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आख्यायिका थोडक्यात अशी. तरुणपणी लेव्हेरेंट्स आणि त्याचा समवयस्क गुन्नार आस्प्लुंड यांनी मिळून स्टॉकहोमच्या दक्षिणेस एक अपूर्व दफनभूमी निर्माण केली. पुढे मित्राला मुख्य काम मिळाले आणि याला दूर सारण्यात आले. मनाने दुखावलेला लेव्हेरेंट्स वास्तुकलेकडे पाठ फिरवून एका कारखान्यात जाऊन बसला. कित्येक वर्षांच्या अज्ञातवासानंतर, वयाच्या सत्तरीत, तो एकाएकी प्रकट झाला आणि विटांची दोन चर्चे बांधून त्याने जगाला थक्क केले. या काळात तो काही बोलला नाही, आणि त्याचे हे न बोलणे हेच त्याचे तत्त्वज्ञान होय.

ही कथा आकर्षक आहे यात शंका नाही. वनवास, अज्ञातवास आणि अखेरीस प्रकटीकरण ही तिची घडण आपल्याला परकी वाटत नाही; किंबहुना ती फारच ओळखीची वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी सावध राहावयास हवे. तिच्यातील घटना खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांपैकी बहुतेक खऱ्या आहेत. आक्षेप आहे तो त्यांच्या जुळणीला. या जुळणीत कारखान्याची वर्षे ही केवळ पोकळी ठरतात, दुःखाचा एक लांबलेला विराम ठरतात. माझ्या मते लेव्हेरेंट्सच्या अखेरच्या वास्तूंचे मर्म त्याच वर्षांत शोधावे लागते.

आरंभीचा वृत्तान्त थोडक्यात सांगून पुढे जाणे बरे. लेव्हेरेंट्सचा जन्म २९ जुलै १८८५ रोजी उत्तर स्वीडनमधील ऑंगरमानलांड प्रांतात, सांडो येथे झाला. त्याच्या वडिलांचा संबंध तेथील काचकारखान्याशी होता. (पुढे हा मनुष्य खिडक्यांच्या मागे लागला, त्याचे बीज येथे दाखविण्याचा मोह चरित्रकाराला होईल. तो आवरावा हे उत्तम. काचेच्या कारखान्यात वाढलेली सगळीच मुले काही खिडक्या करीत नाहीत.) गोथेनबर्ग येथील चाल्मर्स संस्थेत त्याचे शिक्षण झाले. तेथून तो जर्मनीत गेला आणि बर्लिनमध्ये ब्रुनो मोरिंग व म्युनिकमध्ये थिओडोर फिशर आणि रिचर्ड रीमरश्मिड यांच्या कार्यालयांत त्याने उमेदवारी केली. १९१० मध्ये तो स्वदेशी परतला तेव्हा स्टॉकहोममध्ये काही तरुणांनी राजकीय कला-अकादमीच्या शिक्षणक्रमाविरुद्ध बंड करून ‘क्लारा शाळा’ नावाची स्वतःची एक शाळा काढली होती. ती जेमतेम वर्षभर चालली. राग्नार ऑस्टबेर्ग, कार्ल वेस्टमन, ईवार टेंगबूम आणि कार्ल बेर्गस्टेन हे त्या काळचे मान्यवर वास्तुशिल्पी तेथे शिकवावयास येत. विद्यार्थ्यांत आस्प्लुंड होता, लेव्हेरेंट्स होता. स्थानिक साहित्य, कारागिराचा हात आणि बांधणीतला साधेपणा यांविषयीचा आदर या पिढीने तेथून उचलला.

१९११ पासून लेव्हेरेंट्सने टोर्स्टेन स्टुबेलियस याच्या भागीदारीत व्यवसाय केला. या दोघांनी हेल्सिंगबोर्ग येथील दहनगृहासाठी केलेल्या योजनेची प्रतिकृती १९१४ मध्ये माल्मो येथील बाल्टिक प्रदर्शनात मांडली गेली. दहनविधी ही त्या काळी युरोपात नवी व वादग्रस्त गोष्ट होती. शतकानुशतके दफनाची सवय असलेल्या समाजाला या नव्या विधीसाठी वास्तूचे रूप कसे द्यावे, हा प्रश्न खुला होता. ही प्रतिकृती आस्प्लुंडने पाहिली, आणि पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील एन्शेडे येथील नव्या दफनभूमीच्या स्पर्धेत भाग घेतला. त्यांच्या योजनेचे नाव होते ‘टाल्लुम’. स्वीडिशमध्ये ‘टाल’ म्हणजे पाइन वृक्ष. त्याला लॅटिन प्रत्यय जोडून हे नाव बनविले होते. १९१५ च्या या स्पर्धेत पहिले पारितोषिक त्यांना मिळाले.

या नावातच योजनेचे सूत्र आहे. निवडलेली जागा म्हणजे पाइनचे जंगल आणि त्यात वाळू-खडी काढून पडलेले जुने खड्डे. इतर योजनाकारांना या जमिनीला शिस्त लावावी, झाडे तोडून रस्ते आखावेत असे वाटणे स्वाभाविक होते. या दोघांनी जंगल जंगलच राहू दिले आणि थडगी झाडांच्या बुंध्यांमध्ये नेऊन ठेवली. पाहणाऱ्याला आधी अरण्य दिसावे, मग थडगी दिसावीत, असा हा क्रम आहे. १९९४ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला.

आता एन्शेडेतील कोणती गोष्ट कोणाची, हा प्रश्न. आख्यायिकेच्या जोरावर अलीकडे सर्व श्रेय लेव्हेरेंट्सकडे ओढण्याची प्रवृत्ती दिसते, जशी पूर्वी ते सर्व आस्प्लुंडकडे जात असे. दोन्ही टोके टाळावयास हवीत. झाडांत दडलेले, उतरत्या छपराचे छोटे वन-प्रार्थनामंदिर (१९२०) आस्प्लुंडचे आहे, हे निर्विवाद. त्याच्या छपराची छाया जणू झाडांच्याच छायेत मिसळते. उलटपक्षी ‘सात झऱ्यांची वाट’ आणि तिच्या टोकाचे पुनरुत्थान-प्रार्थनामंदिर (१९२५) लेव्हेरेंट्सचे, हेही निर्विवाद. ही वाट ८८८ मीटर लांब आणि अगदी सरळ आहे. आरंभी दोन्ही बाजूंना भूर्जवृक्ष असतात, त्यांच्या पांढऱ्या खोडांमुळे उजेड अधिक भासतो. पुढे पाइन आणि स्प्रूस येतात आणि वाट गडद होत जाते. शोक करणारा माणूस चालता चालता अधिकाधिक काळोखात शिरतो, आणि वाटेच्या टोकाशी त्याला स्तंभांची एक देवडी दिसते.

या देवडीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तिची घडण अभिजात ग्रीक-रोमन परंपरेतील आहे. स्तंभ, शीर्ष, त्रिकोणी माथा, सर्व काही नियमानुसार. परंतु ती मागच्या मंदिराला चिकटलेली नाही. दोहोंत एक अरुंद फट आहे, आणि देवडी मंदिराच्या भिंतीशी समांतरही नाही. किंचित तिरकी आहे. देवडी वाटेशी बांधलेली आहे, मंदिर पूर्व-पश्चिम दिशेशी बांधलेले आहे, आणि दोघांचा मेळ बसत नाही हे वास्तुशिल्पीने लपविलेले नाही. दुसऱ्या एखाद्याने येथे भिंत थोडी जाड करून, कोपरा थोडा तासून हा विसंवाद झाकला असता. लेव्हेरेंट्सने फट ठेवली. उत्तरेच्या देवडीतून शोकाकुल मंडळी आत येतात, दक्षिणेच्या एकाच मोठ्या खिडकीतून शवपेटिकेवर उजेड पडतो, आणि विधी आटोपल्यावर मंडळी आल्या दाराने परत न जाता पश्चिमेच्या दाराने खालच्या सखल आवारात उतरतात. मंदिरात शिरणे आणि तेथून बाहेर पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, असे ही वास्तू मानते.

दुसरे उदाहरण एन्शेडेच्या मोकळ्या टेकडीवरील ध्यानवाटिकेचे. टेकडीच्या माथ्यावर एल्म वृक्षांचा एक चौकोन आहे आणि तेथवर पायऱ्या जातात. या पायऱ्यांची उंची वर जाताना कमी कमी होत जाते, म्हणजे चढणाऱ्याचा श्वास जसजसा जड होतो तसतसे चढणे हलके होते. हे लक्षात न येताच माणूस शांतपणे माथ्यावर पोहोचतो. मोजपट्टीने मोजल्याशिवाय हा गुण दिसत नाही. पायांना मात्र कळतो. लेव्हेरेंट्सच्या प्रतिभेची जात ओळखण्यासाठी एवढे उदाहरणही पुरे आहे.

मधला काळ मी चटकन ओलांडतो, कारण त्यातील वास्तू कसबी असल्या तरी त्यांत त्याचा स्वतःचा सूर क्वचितच ऐकू येतो. १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाने स्वीडनमध्ये आधुनिकतावादाचा झेंडा रोवला. त्याचा मुख्य वास्तुशिल्पी आस्प्लुंड होता, आणि लेव्हेरेंट्सने त्याची भित्तिपत्रके व बोधचिन्ह केले. स्टॉकहोममधील राज्य विमा संस्थेची इमारत (१९३२) बाहेरून अत्यंत काटेकोर आहे आणि आत गोलाईचा एक सुंदर चौक आहे. माल्मोच्या नगर-नाट्यगृहाच्या (१९४४) उभारणीत एरिक लाल्लेरस्टेड आणि डेव्हिड हेल्डेन यांच्याबरोबर त्याचा वाटा होता.

आता त्या दुराव्याकडे येऊ. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास एन्शेडे येथे मुख्य दहनगृह बांधण्याचे ठरले तेव्हा दफनभूमीच्या मंडळाने ते काम एकट्या आस्प्लुंडकडे सोपविले. वीस वर्षांच्या सहकार्याचा असा शेवट झाला आणि मैत्रीही तुटली. लेव्हेरेंट्स कामाला फार वेळ लावतो, त्याच्याकडून आराखडे वेळेवर येत नाहीत, अशी मंडळाची तक्रार होती. ही तक्रार सर्वस्वी निराधार होती असे समजण्याचे कारण नाही. एका फटीसाठी झुरणारा मनुष्य मंडळांना आवडत नाही. तरीही अन्याय झाला हे खरे. आणि मित्राने ते काम एकट्याने स्वीकारले, ही गोष्ट आस्प्लुंडच्या चाहत्यांनाही सहज पचत नाही. दहनगृह १९४० मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आस्प्लुंड वारला. ही वास्तू श्रेष्ठ आहे, आणि लेव्हेरेंट्सवरील प्रेमापोटी तिचे मोल कमी करण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यासमोरचा तो विस्तीर्ण हिरवा चढ आणि त्यावरचा वृक्षांचा चौकोन नजरेआड केला तर तिच्या प्रभावातले किती उरेल, हाही प्रश्न विचारावयास हवा.

येथे आख्यायिका म्हणते की लेव्हेरेंट्सने वास्तुकला सोडली. हे बरोबर नाही. माल्मोच्या पूर्व दफनभूमीची स्पर्धा त्याने १९१६ मध्येच जिंकली होती, आणि ते काम त्याने आयुष्याच्या उतारापर्यंत सोडले नाही. तेथील पहिले प्रार्थनामंदिर १९२६ मधले. संत गर्ट्रूड आणि संत क्नूट यांची जोडमंदिरे १९४३ मधली, म्हणजे तथाकथित अज्ञातवासाच्या ऐन मध्यातली. फुले विकण्याचे लहानसे दुकान १९६९ मधले. त्या वेळी त्याचे वय ८४ होते. एकाच भूमीवर पन्नासाहून अधिक वर्षे काम करणाऱ्या माणसाला ‘कलेला पाठ फिरविणारा’ म्हणता येत नाही. आख्यायिकेला माल्मो सोयीचे नाही म्हणून ती माल्मोविषयी फारसे बोलत नाही, एवढेच.

आणि कारखाना? १९३० च्या सुमारास लेव्हेरेंट्स धातूच्या खिडक्या, दारे आणि त्यांची बिजागऱ्या-कुलुपे बनविण्याकडे वळला. त्याच्या उत्पादनांना ‘इडेस्टा’ हे नाव होते. १९४० नंतरच्या दशकात हा उद्योग एस्किल्स्टूना या गावी होता. हे गाव सुऱ्या, कात्र्या आणि लोखंडी कामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. चरित्रकारांना हा भाग अडचणीचा वाटतो. दफनभूमीच्या महाकाव्यानंतर बिजागऱ्यांचा हिशेब काय लिहावयाचा, अशी त्यांची अडचण असावी. परंतु धातूचा पातळ पत्रा कसा वाकतो, काच आणि चौकट यांच्या मधून पाणी कसे शिरते, वारा कोठून येतो, दोन पदार्थ थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात तेव्हा सांध्याचे काय होते, या प्रश्नांवर एक श्रेष्ठ वास्तुशिल्पी वर्षानुवर्षे रोज विचार करीत होता. वास्तुकलेच्या इतिहासात ही विरळा घटना आहे. सामान्यतः वास्तुशिल्पी खिडकी कोठे असावी ते ठरवितो. ती कशी असावी हे कारखानदाराच्या पुस्तिकेतून उचलतो. येथे तो स्वतःच कारखानदार झाला.

याचे फळ कोठे दिसते? १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या ब्यर्कहागेन या नव्या उपनगरातील संत मार्कच्या चर्चसाठी स्पर्धा झाली आणि ती सत्तरीच्या लेव्हेरेंट्सने जिंकली. १९६० मध्ये चर्च पुरे झाले. ओलसर जमिनीवरच्या भूर्जवृक्षांच्या राईत गडद विटांच्या लांब भिंती उभ्या आहेत आणि विटांच्या लाटांसारखे छत त्यांवर पसरले आहे. या वास्तूला १९६२ मध्ये कास्पर सालिन पारितोषिक मिळाले; ते त्याच वर्षी प्रथम दिले गेले. त्यानंतर दक्षिणेकडील स्कोने प्रांतातील क्लिप्पान या लहान गावात संत पीटरचे चर्च (१९६६) झाले. ते पूर्ण झाले तेव्हा लेव्हेरेंट्स ८१ वर्षांचा होता.

क्लिप्पानच्या खिडक्या पाहा. सामान्य खिडकीत भिंतीला भोक असते, भोकात चौकट बसते आणि चौकटीत काच. आतून पाहणाऱ्याला उजेडाआधी चौकट दिसते. क्लिप्पानमध्ये भिंतीला विटांचे उघडे भोक ठेवले आहे. काच या भोकात नाही. भोकापेक्षा मोठी अशी एक सपाट काच बाहेरून भिंतीवरच टेकविली आहे, धातूच्या लहान चिमट्यांनी धरली आहे आणि कडेने लुकणासारख्या पदार्थाने बंद केली आहे. आतून चौकट दिसतच नाही. भिंत आहे, भोक आहे आणि भोकातून थेट आकाश आहे. मध्ये काच आहे यावर विश्वास बसू नये. बाहेरून मात्र उलट प्रत्यय येतो. विटेच्या काळ्याभोर पृष्ठावर काचेचा तुकडा चिकटवल्यासारखा चमकत असतो, आणि त्याचे चिमटेही लपविलेले नसतात. ब्यर्कहागेन येथेही या रीतीची चाहूल लागते. क्लिप्पान येथे ती पूर्णत्वास गेली.

आयुष्याची कित्येक वर्षे खिडकीची चौकट सुधारण्यात घालविलेल्या माणसाने शेवटी चौकटच काढून टाकली. हा वैराग्याचा अथवा दुःखाचा आविष्कार नव्हे. कारागिराच्या ज्ञानाचा हा निष्कर्ष आहे. चौकट कशाकशासाठी असते हे ज्याला पुरते ठाऊक आहे, त्यालाच तिच्याशिवाय कसे भागवावे हे कळू शकते. याच वर्षांना चरित्रकार पोकळी म्हणतात, म्हणून मी त्यांच्याशी असहमत आहे. एन्शेडेची फट आणि क्लिप्पानची खिडकी यांत मला एकच बुद्धी दिसते. दोन भिन्न वस्तू जेथे एकत्र येतात तेथे त्यांना एकमेकांत खुपसू नये. त्यांना शेजारी ठेवावे आणि त्यांचे शेजारपण दिसू द्यावे.

विटेविषयीही हेच. (विटेचे नाव निघताच मराठी वाचकाच्या मनात पंढरपूर उभे राहील, पण ही वीट निराळी.) या चर्चांच्या बाबतीत लेव्हेरेंट्सने नियम घातला होता की वीट तोडावयाची नाही. भिंत असो, फरशी असो, वेदी असो, छत असो, सर्वत्र अखंड वीट. बांधकाम पाहिलेल्या कोणालाही हे किती अवघड आहे ते कळेल. गवंडी भिंतीचे माप जुळविण्यासाठी थापीच्या धारेने विटेचा अद्धा करतो, पाव करतो, आणि कोपरा साधतो. हा मार्ग बंद केला तर मापाची तूट-वाढ कोठे तरी जिरावी लागते. ती सांध्यांत जिरते. म्हणून क्लिप्पानच्या भिंतींत चुन्याच्या मसाल्याचे सांधे कोठे अरुंद तर कोठे विटेइतके रुंद होतात. वीट स्थिर राहते आणि सांधा तिच्याभोवती लवतो. आमच्या विद्यार्थ्यांना ओवीचे उदाहरण देता येईल. ओवीत शब्दाची मोडतोड करून चरण मापात बसवीत नाहीत; चरणच शब्दाला सामावून घेण्यासाठी लांबतो, आखडतो. साम्य याहून पुढे ताणू नये, परंतु एवढ्यापुरते ते खरे आहे.

या नियमाला काही समीक्षकांनी ‘पदार्थाशी प्रामाणिकपणा’ असे नैतिक नाव दिले आहे. मला ते पटत नाही. तोडलेल्या विटेची भिंत अप्रामाणिक ठरत नाही. तसे असेल तर जगातल्या सगळ्या भिंती अप्रामाणिक ठरतील. नियमाचे मोल नीतीत नसून त्याने घडविलेल्या निर्णयांत आहे. अद्धा वापरता येत असता तर प्रत्येक अडचण गवंड्याच्या हातावेगळी झाली असती. तो वापरता येत नाही म्हणून प्रत्येक कोपरा, प्रत्येक भोक, प्रत्येक पायरी यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो, आणि म्हणून वृद्ध वास्तुशिल्पीला जातीने बांधकामावर उभे राहून गवंड्यांशी बोलावे लागते. ज्याला आपण मौनी म्हणतो तो येथे पुष्कळ बोलत होता. फक्त तो समीक्षकांशी बोलत नव्हता.

मौनाच्या आख्यायिकेला आणखी एक पुरावा छेद देतो. क्लिप्पानची मूळ कल्पना एकांतात सुचलेली नाही. त्या काळी स्वीडिश चर्चमध्ये उपासनेच्या रूपाविषयी मोठा विचार चालू होता. धर्मगुरूने वेदीमागे लोकांकडे तोंड करून उभे राहावे आणि लोकांनी वेदीभोवती जमावे, अशी ही नवी दृष्टी होती. धर्मशास्त्रज्ञ लार्स रिडरस्टेड याच्याशी लेव्हेरेंट्सचा या विषयावर विचारविनिमय होत असे. रिडरस्टेडने पुढे पेटर चेल्सिंग आणि लेव्हेरेंट्स यांच्या चर्चवास्तूंवर प्रबंधही लिहिला. क्लिप्पानचे चौरस विधान, वेदीच्या तीन बाजूंना जमणारी मंडळी आणि वेदीकडे हलकेच उतरत जाणारी विटांची जमीन ही त्या विचाराची वास्तुरूपे आहेत. जवळजवळ मध्यभागी पोलादाचा एक खांब असून त्यावर आडवी तुळई आहे. तिच्या आधारावर छताच्या विटांच्या कमानी पेललेल्या आहेत. हा खांब क्रूस आहे का? तो क्रुसासारखा दिसतो हे कोणीही सांगेल. परंतु तो आधी खांब आहे. काढला तर छत खाली येईल. प्रतीक आणि आधार यांतली निवड येथे करावी लागत नाही, हेच येथील वैशिष्ट्य आहे.

या वास्तूंत दोष नाहीत असे नाही. क्लिप्पानचे सभागृह अतिशय काळोखे आहे. बाहेरून येणाऱ्याचे डोळे सरावण्यास वेळ लागतो, आणि वृद्ध उपासकांना उतरती, उंचसखल विटांची जमीन सोयीची असेल असे वाटत नाही. माल्मोच्या फुलांच्या दुकानात तर उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर चिमट्यांनी धरलेली काच पाहताना शंका येते की शोध आता लकब बनू लागला की काय. चर्चमध्ये चौकटहीन खिडकीला काळोखाची पार्श्वभूमी होती. दुकानात ती नाही. दोन चर्चांत माणसाला अधिक जवळचे कोणते असे विचारले तर मी ब्यर्कहागेनकडे बोट दाखवीन. तेथे झाडे आहेत, अंगण आहे, रोजच्या जाण्यायेण्याची वर्दळ आहे. क्लिप्पान अधिक अचूक आहे, आणि अधिक एकाकी.

एक कबुली येथे देणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाने या वास्तू प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत. आराखडे, छायाचित्रे आणि छापील वर्णने यांच्या आधारे हे विवेचन केले आहे. क्लिप्पानच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण छायाचित्रकार काळोखात पुरेसा वेळ काच उघडी ठेवून तिथला सारा अंधार धुऊन टाकतो. छायाचित्रात प्रत्येक वीट स्पष्ट दिसते; आत बसलेल्या माणसाला ती तशी दिसत नसणार. आपल्याकडे या वास्तूविषयी जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे त्या खोट्या उजेडातले आहे, आणि त्याला हा लेखही अपवाद नाही.

यान्ने आलिन याने १९८५ मध्ये लेव्हेरेंट्सवर पहिला मोठा चरित्रग्रंथ लिहिला. इंग्रजी वाचकांना त्याची ओळख करून देण्यात कॉलिन सेंट जॉन विल्सन याच्या लेखनाचा वाटा आहे. आलिनचा ग्रंथ परिश्रमाने सिद्ध झालेला आहे आणि पुढच्या सर्वांचा तो आधार आहे. परंतु मौनाच्या आख्यायिकेला बळ देण्याचे श्रेय वा दोष काही अंशी या पहिल्या पिढीच्या लेखनाकडेच जातो. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या ‘आर्कडेस’ या राष्ट्रीय संग्रहालयाने लेव्हेरेंट्सचे मोठे प्रदर्शन भरविले आणि त्याच्या संग्रहातील विपुल रेखाटने लोकांपुढे आली. त्यांत इमारतींच्या आराखड्यांबरोबर दिवे आहेत, खुर्च्या आहेत, कुलुपे आहेत, अक्षरे आहेत, खिडकीच्या पट्ट्यांचे छेद आहेत. एवढी रेखाटने करणाऱ्याला मुका म्हणणे म्हणजे शब्दाखेरीज भाषा नसते असे मानणे होय, आणि ते आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी सहज मान्य करू नये.

संशोधनाला अद्याप वाव आहे तो येथे. इडेस्टाच्या उत्पादनांची रेखाटने आणि चर्चांची रेखाटने शेजारी ठेवून, तारखांच्या क्रमाने, कोणता सांधा कोठून कोठे गेला हे दाखविणे हे काम कष्टाचे पण करण्याजोगे आहे. ते झाले तर माझे येथील विधान सिद्ध होईल वा खोडले जाईल.

क्लिप्पानच्या चर्चमध्ये शिरताना बाप्तिस्म्याचे पात्र दृष्टीस पडते. ते एक प्रचंड शिंपले आहे; काळ्या पोलादी आधारावर ते ठेवलेले आहे. त्याच्याखाली विटांची जमीन फुगून वर आल्यासारखी दिसते आणि मग दुभंगते. शिंपल्यातून पाणी थेंबाथेंबाने त्या भेगेत पडत असते. विटा येथेही अखंड आहेत. भेग विटांतून जात नाही, सांध्यातून जाते. काळोखात पात्र दिसण्यापूर्वी थेंबांचा आवाज ऐकू येतो, असे तेथे जाऊन आलेल्यांनी लिहिले आहे.